‘कार्ड बदला’च्या पलीकडे

बुलढाण्याहून भोकरदनकडे निघाले की जिल्ह्याची हद्द संपण्याआधी धाड लागते. कपाशी, सोयाबीन, मक्याचा हा पट्टा. इथल्या बाजारपेठेत ‘संगणक’ म्हणून ओळखली जाणारी यंत्रे मोजकीच असतील, पण संगणक असूनही तसे कोणी म्हणत नाही अशी यंत्रे पावलोपावली आहेत: रेशन दुकानातले ई-पॉस, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, वायफायचा राउटर, टीव्हीखालचा सेटटॉप बॉक्स, शेतातल्या सौर पंपाचा कंट्रोलर, सिमकार्डवर चालणारा मोटारीचा स्टार्टर. यातले काही बंद पडले की निदान एकच असते, ‘कार्ड गेलं’. आणि उपायही एकच, ‘कार्ड बदला’. ते कार्ड शहरात जाते, तिथून कंपनीकडे जाते, यथावकाश दुसरे येते. ऐन ओलिताच्या दिवसांत हा फेरा लांबला तर काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पहिल्या कार्डाला नेमके काय झाले होते हे मात्र गावात कोणाला कळत नाही, आणि पुष्कळदा ते बदलून देणाऱ्यालाही कळलेले नसते. माझे म्हणणे असे की हे अज्ञान पैशाच्या किंवा इंटरनेटच्या टंचाईतून आलेले नाही. ‘बाबा रे, तुला झालं काय’ असे यंत्राला विचारण्याची वाट बहुतेक बोर्डांवर तीन तारांच्या रूपाने असतेच. ती वापरायला आपण कोणाला शिकवत नाही. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि तंत्रनिकेतनांनी सिरियल पोर्टवरून कर्नल डीबग करण्याचे प्रात्यक्षिक सक्तीचे करावे, आणि ते ‘प्रगत विषय’ म्हणून शेवटच्या वर्षावर न ढकलता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच घ्यावे.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसरवर कोणाची पाळी, डिस्कवर काय लिहायचे, कीबोर्डची कळ कोणापर्यंत पोचवायची, हे सगळे तो ठरवतो. साध्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर कर्नल तो प्रोग्रॅम बंद करतो आणि बाकीचे यंत्र चालू राहते. त्याच यंत्रावर दुसरा प्रोग्रॅम चालवून पहिल्याची तपासणी करता येते. खुद्द कर्नलच अडकला तर ही सोय उरत नाही. पडद्यावर अक्षर उमटवणारा तोच, कळ ओळखणारा तोच, फाइल जतन करणारा तोच. विहिरीत पडलेल्याला स्वतःच्याच हाताने स्वतःला वर ओढता येत नाही, काठावर दुसरे कोणी लागते. तसे इथे दुसरे यंत्र लागते. दोन्ही यंत्रे तारेने जोडायची, दुसऱ्यावर डीबगर चालवायचा आणि पहिल्याचा कर्नल हवा तिथे थांबवून त्याची मेमरी, त्याचे रजिस्टर, कोणत्या फंक्शनमधून कोणते फंक्शन बोलावले गेले त्याची साखळी, हे सगळे बाहेरून वाचायचे.

ही तार सिरियलचीच का, याचे उत्तर या विषयातले सगळ्यात शिकवण्याजोगे आहे. नेटवर्क कार्ड किंवा यूएसबी चालायला ड्रायव्हरचे थर लागतात, मेमरीतल्या रांगा लागतात, इंटरप्ट लागतात. म्हणजे ज्या यंत्रणेवर संशय आहे तिच्याच खांद्यावर उभे राहून तिची तपासणी करावी लागते. सिरियल पोर्टच्या चिपला यातले काहीच लागत नाही. एका पत्त्यावर एक बाइट ठेवला की तो तारेवर जातो. पुढचा बाइट ठेवायला जागा झाली का, हे प्रोसेसर पुन्हा पुन्हा त्या चिपलाच विचारू शकतो; इंटरप्ट बंद असले तरी बिघडत नाही. सगळे ठप्प झाल्यावरही जे काम करते ते या साधेपणामुळे. आरएस-२३२ हे मानक १९६० सालचे. पीसीतला सिरियल पोर्ट आजही १६५५० नावाच्या जुन्या चिपसारखाच वागतो. वेग म्हणाल तर सर्रास वापरल्या जाणाऱ्या १,१५,२०० बॉडला सेकंदाला जेमतेम ११,५२० अक्षरे. सिनेमा पाठवायला हा वेग हास्यास्पद आहे, पण मेलेल्या कर्नलची जबानी घ्यायला पुरेसा.

प्रत्यक्ष मांडणीही अवघड नाही. नऊ पिनांच्या दोन पोर्टांमध्ये एका बाजूची दोन नंबरची पिन दुसऱ्या बाजूच्या तीनला, तीनची दोनला आणि पाचची पाचला: पाठवणारी तार घेणारीला, घेणारी पाठवणारीला आणि दोघांची ग्राउंड एक. ज्याची तपासणी करायची त्या यंत्राचा लिनक्स कर्नल डीबगची माहिती ठेवून कंपाइल करायचा, सुरू होताना त्याला पोर्टाचे नाव आणि वेग सांगायचा, आणि हवे तर डीबगर जोडला जाईपर्यंत थांबून राहायला सांगायचे. दर वेळी कर्नलचे पत्ते हलवणारी सुरक्षेची सोय तेवढ्यापुरती बंद करायची, नाहीतर डीबगर एका पत्त्यावर शोधतो आणि कोड भलतीकडेच असतो. दुसऱ्या यंत्रावर त्याच कर्नलची प्रत जीडीबी या मुक्त डीबगरमध्ये उघडायची आणि तारेकडे बोट दाखवायचे. त्यानंतर दोघांत जे बोलणे चालते ते माणसाला वाचता येते. प्रत्येक निरोप डॉलरच्या चिन्हाने सुरू होतो, हॅशच्या चिन्हाने संपतो, मागे दोन अंकी बेरीज-तपासणी. नीट पोचला तर समोरून अधिकचे चिन्ह येते. इंटेल धाटणीच्या प्रोसेसरवर ब्रेकपॉइंट ठेवणे म्हणजे मूळ सूचनेचा पहिला बाइट उचलून तिथे सीसी हा एक बाइट ठेवणे. चार वर्षे पुस्तकात वाचलेले स्टॅक, पॉइंटर, व्हर्च्युअल मेमरी, लॉक हे शब्द इथे पहिल्यांदा आकड्यांच्या रूपात समोर येतात. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टीमचे प्रात्यक्षिक म्हणजे बहुतेक ठिकाणी अजूनही शेड्युलिंगची किंवा बँकर्स अल्गोरिदमची सी भाषेत केलेली नक्कल असते. नक्कल वाईट नाही, पण कर्नलची एकही ओळ न पाहता विषयात पहिला वर्ग मिळू शकतो, हे मला शोभणारे वाटत नाही.

ही विद्या परकीही नाही. लिनक्स कर्नलच्या डीबग विभागातली मुख्य फाइल उघडली तर वरच्या हक्कांच्या ओळींत २०००-२००१ साठी व्हेरिटास सॉफ्टवेअर कॉर्पोरेशन, २००३-२००४ साठी अमित एस. काळे, २००४-२००६ साठी लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज अशी नावे दिसतात. लिनसिससॉफ्ट ही पुण्याची कंपनी. व्हेरिटासचेही पुण्यात मोठे विकास केंद्र होते. केजीडीबी, म्हणजे सिरियल तारेवरून लिनक्स कर्नल डीबग करण्याचे साधन, मूळ कर्नलच्या बाहेर जोडपत्रांच्या स्वरूपात जगत होते, त्या काळात काळे यांनी ते सांभाळले. दर नव्या कर्नलबरोबर ती जोडपत्रे पुन्हा बसवायची, मोडलेली दुरुस्त करायची, असे हे बिनबोभाट काम. पुढे विंड रिव्हरचे जेसन वेसल आणि इतरांनी ते आटोपशीर केले आणि जुलै २००८ मध्ये आलेल्या २.६.२६ या आवृत्तीत ते अधिकृतपणे कर्नलचा भाग झाले. म्हणजे जगभरचे अभियंते आज जे साधन वापरतात त्याच्या हक्कपत्रात मराठी मुलखातली नावे आहेत. पुण्यात हे झाले याचे कारण तिथे त्या काळात डिस्क आणि फाइल सिस्टीमसारखे कर्नलजवळचे काम येत होते आणि ते करणाऱ्यांना हत्याराची गरज होती. शिकलेले हात असले की काम येते की काम आले की हात शिकतात, हा वाद कोंबडी-अंड्याचा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी काम आपसूक येणार नाही, त्यामुळे तिथे सुरुवात हातांपासूनच करावी लागेल.

या मागणीवर सर्वांत वजनदार आक्षेप लिनक्सच्या जनकानेच घेऊन ठेवला आहे. सप्टेंबर २००० मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी कर्नलमध्ये डीबगर घालण्याला जाहीर विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: डीबगर हाताशी असला की माणूस लक्षणावर मलमपट्टी करून मोकळा होतो, तो नसला की कोड वाचावा लागतो, विचार करावा लागतो, आणि माणूस लिहितानाच जपून लिहितो. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. एकेक पाऊल टाकत कोड चालवून पाहायचा, आकडा चुकला की तिथे एक अट घालायची आणि काम झाले म्हणायचे, ही खोड सॉफ्टवेअर कंपन्यांत काय थोडी दिसते? पण टॉरव्हाल्ड्स बोलत होते ते कर्नलचा कोड तोंडपाठ असलेल्या सांभाळकर्त्यांबद्दल. ज्या विद्यार्थ्याने तो कोड कधी उघडलाच नाही, त्याला लाखो ओळींच्या रानात नुसते ‘वाच’ म्हणून सोडून देणे हा सल्ला नव्हे. फाइल उघडण्याच्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट ठेवला, पलीकडच्या यंत्रावर साधी यादीची आज्ञा दिली आणि कर्नल तिथे थांबला, की कोणत्या वाटेने तो इथवर आला हे पडद्यावर दिसते. मग वाचायला सुरुवात कुठून करायची ते कळते. शिवाय डीबगर नको म्हणणारेही कर्नल कोसळतानाचे त्याचे शेवटचे शब्द वाचतात, आणि ते शब्द हमखास पोचतात ते याच सिरियल तारेवरून. डीबगर वापरावा की न वापरावा यावर दोन पंथ आहेत. तार दोघांनाही लागते.

दुसरा आक्षेप नोकरीचा, आणि पालक तो पहिला घेतील. कॅम्पस मुलाखतीला येणाऱ्या कंपन्या वेबसाइट आणि डेटाबेसचे विचारतात, कर्नलचे कोण विचारतो? खरे आहे. पण १९ जुलै २०२४ रोजी काय झाले ते आठवावे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज यंत्रे एका दिवसात निळ्या पडद्यावर आणली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कर्नलमध्ये बसलेला एक कोड २१ वे मूल्य वाचायला गेला, आणि त्याला पुरवलेली होती २०. साध्या प्रोग्रॅममध्ये ही चूक झाली असती तर तो प्रोग्रॅम बंद पडला असता. कर्नलमध्ये झाली म्हणून यंत्रेच पडली. असे कोड लिहिणारे आणि तपासणारे लागतात कमी, पण मिळतात त्याहून कमी. आणि सेमीकंडक्टरचा जो गजर देशात चालला आहे, २०२१ मध्ये त्यासाठी मंजूर झालेले ७६,००० कोटी रुपये, त्यातून उद्या जे बोर्ड बनतील ते पहिल्या दिवशी पडदा, कीबोर्ड, नेटवर्क काहीच चालवू शकणार नाहीत. नवा बोर्ड पहिल्यांदा जे बोलतो ते सिरियल पोर्टवर. ते ऐकणारे आपल्याकडे तयार नसतील तर चिप इथे बनली तरी तिला चालते करायला माणूस बाहेरून बोलवावा लागेल.

आता हे सगळे कृत्रिम बुद्धिमत्ता करील, असे म्हणणारेही आहेत. समोर ठेवलेल्या नोंदीवरून चूक ओळखण्यात ही साधने तरबेज होत चालली आहेत, यात शंका नाही. पण नोंद समोर ठेवायची कोणी? हँग झालेल्या बोर्डावरची तीन टोके शोधून त्यांना तार टेकवणे हे काम चॅटबॉट करत नाही. उलट या साधनांमुळे माझ्या मागणीतली एक खरी अडचण हलकी होते: हा विषय शिकवणारे प्राध्यापक थोडे आहेत, आणि जीडीबीच्या आज्ञा, न समजणारा संदेश, कंपाइल करतानाचा अडथळा यांत विद्यार्थ्याला आता रात्री अकरालाही मदत मिळू शकते.

सिरियल पोर्टच नामशेष झाला, हा आक्षेप लॅपटॉपकडे पाहिले तर पटतो आणि बोर्डाकडे पाहिले तर पटत नाही. डीव्हीआर, राउटर, सेटटॉप बॉक्स उघडला की कडेला बहुधा तीन-चार टोके नाव न लिहिता सोडलेली दिसतात. कारखान्यात तपासणीसाठी वापरलेला सिरियल पोर्ट तो हाच. शिकण्यासाठी तर महाविद्यालयाच्या अडगळीच्या खोलीतले जुने डेस्कटॉप उत्तम, कारण त्यांच्या मागे नऊ पिनांचा पोर्ट असतो. यात एक बारीक मेख आहे. यूएसबीला लावायचे सिरियल ॲडॅप्टर काही शे रुपयांत मिळते, पण ते डीबगर चालवणाऱ्या यंत्राला लावावे. ज्याचा कर्नल थांबवायचा त्या यंत्राला खरा पोर्टच हवा, कारण कर्नल थांबला की त्याची यूएसबीही थांबते. एकच लॅपटॉप असलेल्या विद्यार्थ्याला क्यूईएमयूमध्ये आभासी यंत्र उभे करून आभासी तारेवरून हेच सारे करता येते, आणि सराव तिथे करावा. तरीही एकदा तरी खऱ्या तारेवर काम झालेच पाहिजे असा माझा हट्ट आहे. वेग चुकला की पडद्यावर अक्षरांऐवजी कचरा येतो, ग्राउंड जोडायची राहिली की कधी चालते कधी चालत नाही, आणि जुन्या पोर्टाचा बारा व्होल्टपर्यंत जाणारा संकेत बोर्डावरच्या ३.३ व्होल्टच्या टोकाला थेट लावला की ते टोक कायमचे जाते. धाडला जे चुकेल ते हेच असेल, आणि आभासी तारेत यातले काही चुकूच शकत नाही.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. गावाकडे जी कार्डे ‘जातात’ त्यांतली बरीचशी कर्नलच्या दोषाने जात नाहीत. कमीजास्त दाबाची वीज, विजेचा कडकडाट, ओल, मुंग्या, उंदीर, फुगलेला कपॅसिटर, हलका ॲडॅप्टर ही तिथली नेहमीची कारणे. सौर पंपाच्या कंट्रोलरमध्ये किंवा मोटारीच्या स्टार्टरमध्ये तर बहुधा लिनक्स नसतोच. छोटा मायक्रोकंट्रोलर आणि त्यातला एकच प्रोग्रॅम असतो. मग कर्नलची विद्या इथे काय कामाची, असे विचारता येईल. पण कारण कोणते हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून तर सरसकट कार्ड बदलले जाते. राउटर सुरू होताना सिरियलवर जे शब्द सांडतो त्यांतून कळते की तो फ्लॅश मेमरी वाचताना अडला, की पुढे जाऊन कर्नल कोसळला, की दर वेळी वेगळ्याच ठिकाणी मरतो. पहिल्याचा उपाय फ्लॅशमध्ये प्रणाली पुन्हा भरणे, दुसऱ्याचा सॉफ्टवेअरमध्ये शोधणे. आणि तिसऱ्यात आधी दोनशे रुपयांचा ॲडॅप्टर बदलून पाहावा. मायक्रोकंट्रोलरशी बोलण्याचीही तार हीच, शिस्तही हीच. कर्नलपर्यंत उतरून आलेल्या मुलाला तो कंट्रोलर सोपा वाटेल. उलट दिशेने चढणे कठीण जाते. आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकला ब्रेकपॉइंटपर्यंत जायची गरज नाही, सुरू होतानाचे संदेश वाचता आले तरी त्याच्या दुकानाची तऱ्हा बदलेल.

सुरक्षेचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर नाही. ज्याला सिरियल पोर्टवरून कर्नल थांबवता येतो त्याच्यापासून त्या यंत्रात काहीच लपत नाही. ई-पॉसवर आधारची ओळख पटवली जाते; त्याचा पोर्ट कुलूपबंदच हवा, आणि तो उघडायचे ज्ञान बाजारात फिरू नये असे सरकारला वाटणे रास्त आहे. एटीएमचेही तेच. पण या दोन यंत्रांसाठी लावलेले कुलूप शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या कंट्रोलरला का? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळ सुरू झाले, आणि शेती अवजारे हे त्यातले एक क्षेत्र ठरवले गेले. आजवरचा भर माहितीपुस्तिका आणि सुट्या भागांवर राहिला. शेतीच्या यंत्रांच्या बाबतीत त्यात सिरियल पोर्टाची जागा, व्होल्टेज, वेग आणि संदेशांचे अर्थ यांचीही भर घालायला हवी; हे एका पानाचे काम आहे. ज्या यंत्रात लिनक्स आहे तिथे तर त्याच्या जीपीएल परवान्यानुसार विकणाऱ्याने कर्नलचा सोर्स कोड मागेल त्याला द्यायला हवा. मागणारेच नाहीत म्हणून तो दिला जात नाही, आणि मिळाला तर त्याचे काय करायचे हे ठाऊक नाही म्हणून कोणी मागत नाही. चोराला वाट सापडेल म्हणून मालकाला आंधळे ठेवण्याचा उद्योग तसाही फसलेला आहे. चोराजवळ वेळ आणि हत्यारे दोन्ही असतात.

मागणी फार मोठी नाही. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत शेगाव, चिखली आणि बुलढाणा इथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. धाड परिसरातली मुले शिकायला जातात त्यात ही नजीकची. ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रात्यक्षिकांच्या यादीत तीन कामे वाढवावीत: कर्नल डीबगच्या माहितीसह कंपाइल करणे, दुसऱ्या यंत्रावरून सिरियलने त्याला थांबवून एका सिस्टीम कॉलचा माग काढणे, आणि मुद्दाम चूक घातलेले मोड्यूल चढवून कर्नल कोसळवणे व कोसळण्याची ओळ शोधून काढणे. तिसऱ्या कामाला विद्यार्थी सर्वांत जास्त वेळ देतील, अशी माझी अटकळ आहे. मोडायची परवानगी आपल्या शिक्षणात क्वचितच मिळते. कर्नलची स्वतःची कागदपत्रे त्याच्या सोर्स कोडबरोबर फुकट येतात. त्यावरून वीसेक पानांची मराठी कृतिपुस्तिका दोन प्राध्यापक एका उन्हाळ्याच्या सुट्टीत करू शकतात. दोन जुने डेस्कटॉप आणि एक तार एवढे सामान प्रत्येक प्रयोगशाळेत आजच्या घडीला आहे किंवा शेजारच्या भंगाराच्या खोलीत आहे. यासाठी खरेदी समितीची बैठक लागत नाही. लागते ती अभ्यास मंडळाची एक सही.